कोऱ्या गाडीतली सवाष्ण

अविधवा नवमीच्या सकाळी शोभा हळदकुंकवाची डबी पदराखाली धरून सवाष्ण सांगायला निघाली. तिच्या सासूबाई अहेव गेलेल्या, कपाळी कुंकू असतानाच. त्यांच्या नावानं पितृपक्षातल्या या नवमीला एक सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची आणि मनात एकच मागणं मागायचं, माझी कूस उजवू दे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सोमवार झाले, शुक्रवार झाले, देवीला साडी झाली. पाळणा काही हलत नव्हता. "सासू अडी बठनी व माय तुनावर!" सासूच अडून बसलीय, असं थोरली जाऊ कलाबाई हसत हसत टोचायची. पण दर नवमीला उधन्याहून जेवायला यायची तीच.

त्या वर्षी सुरतेत प्लेगची आवई उठली होती. उधन्याच्या चाळीत दारोदार कुलपं. गटारांच्या कडेनं पांढरी पावडर मारलेली, तिचा उग्र दर्प नाकात बसत होता. मागाचा खडखडाट थांबलेला, आणि तो थांबल्यावर कळत होतं की चाळीत राहत होतो तेव्हा आपण त्या आवाजातच झोपत होतो. ओट्यावर चाळीतले म्हातारे उखाबाबा एकटे बसलेले, तोंडाला उपरणं बांधून.

"कलाबाई?"

"गयी ती. गाडीवर, अमळनेरले. तू कसाले राहिनी, पोरी?"

"आते सवाष्ण कथा भेटी, बाबा?"

"कोठून भेटी? या गावात आता अहेव म्हणशील तर तूच एकली," म्हातारा म्हणाला.

शोभा तशीच परतली. तिचा नवरा हेमराज अठवालाइन्सला मगनशेठच्या बंगल्यावर ड्रायव्हर. फाटकाजवळच्या खोलीत दोघं राहायची. शेठ आणि सगळे नोकरचाकर गाव सोडून गेले होते. जाताना शेठनं दुसरं काही सांगितलं नाही. गॅरेजकडे बोट करून एवढंच म्हणाले, "हेमराज, नवी ने नवी राखजे." नवीच्या नवी ठेव.

त्या गॅरेजात शेठची जुनी फियाट होती. शेठ तरुण असतानाची, पण बघणाऱ्याला वाटावं, आज सकाळी दुकानातून आणली. दुधाच्या सायीसारखा रंग, आरशासारखं क्रोम. मागच्या सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. हेमराज रोज पिवळ्या मऊ फडक्यानं ती पुसायचा. शोभा चेष्टेनं म्हणायची, "माझ्या तोंडावरून तरी कधी असा हात फिरवलात का हो?" मुंबईहून जुन्या गाड्यांचे एक शौकीन पारशीबावा दर हिवाळ्यात यायचे, शेठच्या हातापाया पडायचे. दार उघडून आधी डोकं आत घालायचे आणि डोळे मिटून श्वास घ्यायचे. "रंग नवा मारता येते, डिकरा. हा वास कुठून आणशे?" रेक्झिनचा, रबराचा, नव्या कोऱ्या कापडाचा वास. तो मात्र खरोखर कधी उतरला नव्हता.

शेठनं ही गाडी घेतली ती बायकोला, लीलाबेनला, बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी आणायला. आई आणि मुलगी दोघीही घरी आल्याच नाहीत. मागच्या सीटवर मग कोणी बसलं नाही. शेठनंही दुसरं लग्न केलं नाही.

दुपारपर्यंत शोभानं स्वयंपाक केला. खीर, वडे, कढी, गंगाफळाची भाजी. हेमराज प्लेगच्या गोळ्यांच्या रांगेत उभा राहायला गेला होता. पान वाढून ती बसून राहिली. रस्त्यावर माणूस नाही, रिक्षा नाही. कावळासुद्धा घासाला येईना. नवमी अशी सुनी गेली तर सासूबाई काय म्हणतील, आणि मग आपलं काय? तिला रडू आलं. डबी घेऊन ती गॅरेजात गेली, गाडीच्या काचेपाशी उभी राहिली आणि भाबडेपणानं म्हणाली, "लीलाबेन, तुम्हीसुद्धा अहेवच गेलात ना? मग तुम्ही तरी या जेवायला." आणि मागच्या दाराला तिनं हळदकुंकू लावलं.

बायांनो, या नवमीला गेलेलीच्या नावानं जितीला बोलवायचं असतं. शोभाला हे माहीत नव्हतं असं नाही. पण आस लागलेल्या बाईला त्या क्षणी काय सुचेल, सांगता येत नाही.

ती खोलीत येऊन हात धुते तोच दारात सावली पडली. एक बाई उभी होती. गुजराती पद्धतीनं नेसलेली, पदर नाकातोंडावरून घट्ट ओढलेला. त्या दिवसांत सगळेच तोंड बांधून फिरत, म्हणून शोभाला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, देवानं पाठवली!

"या, या बेन. बसा."

बाई पाटावर बसली. हातातल्या बांगड्या वाजल्या नाहीत. शोभा खीर आणायला वळली, परत येते तो पान लख्ख. जणू त्यावर काही वाढलंच नव्हतं. तिनं पुन्हा वाढलं, पुन्हा वळली, पुन्हा तसंच. खोलीत खिरीचा, तुपाचा वास होता, आणि त्याच्या खालून हळूहळू दुसराच वास वर येत होता... रेक्झिनचा... रबराचा...

 तरी शोभानं नारळ, तांदूळ, खण घेऊन ओटी भरली. ओटीत तांदूळ पडले, त्याचाही आवाज झाला नाही.

"मुलंबाळं... आहेत ना, बेन?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"एक छे. दीकरी." आवाज बंद काचेमागून यावा तसा. "गाडीत निजलीय."

"एवढ्या उन्हात? घेऊन यायची ना तिला..."

बाईनं ओटीचा पदर सावरला.

"तू लईश?" ती म्हणाली. "तू घेशील तिला?"

शोभाच्या तोंडून हो कसं गेलं, तिचं तिला कळलं नाही.

"मग नवी ने नवी राखजे," बाई म्हणाली, आणि उठली.

हेमराज आला तेव्हा शोभा उंबऱ्यावर बसली होती. "सवाष्ण जेवून गेली," ती म्हणाली.

"कुठून जेवून गेली? फाटकाला मी बाहेरून कुलूप लावून गेलो होतो."

दोघं गॅरेजात गेली. गाडीची दारं बंद, किल्ली हेमराजच्या कनवटीला. मागच्या सीटवर प्लास्टिक ताणलेलं, टाका न् टाका शाबूत. त्या प्लास्टिकच्या आत, सीटवर, कुंकू लागलेले तांदूळ पसरले होते.

"शेठला सांगू नको," हेमराज म्हणाला. 

दिवाळीच्या सुमाराला शोभाला डोहाळे लागले. कलाबाईनं गळ्यात पडून रडून घेतलं, "पावली व माय सासू तुले!" मुलगी झाली, साजरी, सायीच्या रंगाची. त्याच पावसाळ्यात गाडीच्या पत्र्यावर फोड आले. क्रोम काळवंडलं, प्लास्टिक पिवळं पडून तडकलं. हिवाळ्यात पारशीबावा आले, दार उघडलं, डोळे मिटले, आणि तसेच डोकं बाहेर काढून टोपी हातात घेऊन उभे राहिले. "एमांथी कोई गेला, आतून कोण तरी निघून गेला," एवढंच म्हणाले. पुन्हा कधी आले नाहीत.

बारशाला शेठ आले होते. पाळण्यावर वाकले, पोरीच्या टाळूचा वास घेतला आणि पांढरेफटक पडले. चांदीचे वाळे तिच्या पायात घालून, कोणाकडे न बघता निघून गेले.

त्या गोष्टीला वर्ष उलटून गेलं. आता नवमी पुन्हा आली आहे. पोर दूध पिते, हसते, कधी आजारी पडत नाही. डॉक्टर तपासतात, वजनकाट्याकडे बघतात, काटा बदलतात. आणि बोळक्या तोंडाची पोर पाळण्यात निजलेली, बारशाच्या दिवशी होती तेवढीच. शेजारणी कौतुकानं म्हणतात, "किती जपलीस गं! कालच झाल्यासारखी वाटते."

शोभानं नवे शुक्रवार धरले आहेत. मागणं फार नाही तिचं. एक दात येऊ दे. तिला खात्री आहे, येईल. देवीनं एवढं दिलं, ती एवढ्यासाठी थोडीच अडवेल?

आज सकाळी तिनं पोरीचं दुपटं बदललं. वाळे पायात तसेच सैल, आणि चांदी लखलखीत. वर्षभरात तिनं ते एकदाही घासलेले नाहीत. उशाशी घडी घालून ठेवलेलं पिवळं मऊ फडकं होतं. शेठनं गाडी भंगारात काढली, तेव्हा हेमराजनं ते तिच्याबरोबरच देऊन टाकलं होतं.

शोभानं ते हातात घेतलं. फडकं अजून ओलसर होतं.