चार नंबरचा बँड

ही गोष्ट रात्रीची नाही. ओसाड बंगल्यातलीही नाही. मंगळवारची दुपार होती, पावणेचारची वेळ, आणि जागा म्हणजे एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरची लख्ख उजेडाची खोली.

जिच्या बाबतीत हे घडलं, ती माझी सख्खी आतेबहीण. तिनं जसं सांगितलं तसंच सांगतोय. पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

ताई एका मासिकासाठी खेळाच्या वस्तू वापरून बघते. बूट, घड्याळं, फिटनेस बँड. कुठला घ्यावा, कुठल्याच्या वाटेला जाऊ नये, ते लिहिते. एका वेळी चार बँड. दोन या मनगटावर, दोन त्या. शिवाय छातीला पट्टा, कारण ठोक्यांचा खरा आकडा तोच देतो. मग ट्रेडमिलवर पळायचं आणि कोण किती चुकतंय ते टिपायचं.

या वेळी तिला जरा घाई होती. सासऱ्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. चारातला सगळ्यात भरवशाचा बँड त्यांना घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं.

ती पळायला लागली. छातीचा पट्टा म्हणाला एकशे पन्नास. तीन बँड त्याच्याच आसपास.

चौथ्यावर... बावन्न.

पळणाऱ्या माणसाचे ठोके बावन्न?

तिनं वेग वाढवला. घामानं भिजली. चौथा बावन्नवरच.

वैतागून तिनं चारही काढून टेबलावर ठेवले. तिघांचे आकडे गेले. चौथ्याच्या पोटातला हिरवा दिवा मात्र लुकलुकत राहिला...

बावन्न.

शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतो. इतका काटेकोर, की सगळे त्याला मोजपट्टी म्हणतात. तो हसला.

"अगं, टॉवेलच्या गुंडाळीला बांधलेस तरी हे बँड ठोके दाखवतात. सेन्सर फसतो. त्यात काय एवढं!"

ते खरंच आहे. ताईलाही माहीत होतं. तिनं बँड ड्रॉवरमध्ये टाकले आणि विषय सोडून दिला.

सकाळी ड्रॉवर उघडला...

तीन बँड उलगडलेले, जसे ठेवले होते तसे. चौथ्याचं बक्कल लावलेलं होतं. तिसऱ्या भोकात. गोल, ताठ. आत कुणाचं तरी मनगट असावं तसं.

"तू लावलंस का रे?"

"मी तुझ्या ड्रॉवरला हात लावतो का कधी?" मोजपट्टी म्हणाला.

तिनं बँड उचलला.

आतल्या बाजूनं तो गरम होता... आणि किंचित ओलसर.

दोन दिवसांनी तिघांच्या बॅटऱ्या संपल्या. चौथ्याला तिनं चार्जर लावलाच नव्हता. त्याचा दिवा चालूच.

शनिवारी ती तो पर्समध्ये टाकून घरी घेऊन आली. का आणला, हे तिला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी सासरे नेहमीप्रमाणे बोटाला चिमटा लावून बसले. ठोके मोजायचं ते छोटं यंत्र.

"किती आहेत हो?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"बावन्न. गोळ्यांनी कमीच राहतात, डॉक्टर म्हणालेत ना."

ताई उठून पर्सपाशी गेली.

तिनं पर्स उघडली. बावन्न.

"बाबा, जरा जिना चढून या ना." आवाज शक्य तितका साधा ठेवत ती म्हणाली.

"आता कशाला गं?"

"व्यायाम म्हणून. माझ्यासाठी."

ते कुरकुरत गेले, येऊन बसले, पुन्हा चिमटा लावला. एकसष्ट.

बँडवर... एकसष्ट.

सासऱ्यांनी त्या बँडला कधी बोटही लावलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो तिच्या नजरेआड झाला नाही. जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशाशी. नवऱ्याला वाटलं, कामाचं वेड लागलंय.

आणि मग तो मंगळवार.

ती खोलीत बसून लेख लिहीत होती. मोजपट्टी खाली गेला होता. ट्रेडमिल बंद. इतकं शांत, की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

टेबलावर बँड थरथरला... घर्रर्र.

एकोणपन्नास.

पुन्हा घर्रर्र... त्रेचाळीस.

छत्तीस.

तिनं घरी फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"आई, बाबा कुठे आहेत?"

"झोपलेत. आत्ताच पडले."

"त्यांना उठवा!"

"अगं, झोपू दे की..."

"आई, तुमच्या पाया पडते, आत्ता उठवा!"

फोनमधून पावलं ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज. "अहो... अहो, ऐकलंत का..."

मग काहीच नाही.

मग सासूबाईंची किंकाळी.

शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून ते वाचले. आणखी दहा मिनिटं गेली असती, तर हाताला लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले. छातीत पेसमेकर बसवला. सगळ्यांनी विचारलं, तुला कळलं कसं?

"मनात आलं," एवढंच ती म्हणाली.

लेखात तिनं चौथ्या बँडबद्दल लिहिलं: ठोके चुकीचे दाखवतो, घेऊ नये. आयुष्यात पहिल्यांदा ती कामात खोटं लिहीत होती. पण कंपनीला तो परत पाठवायचं धाडस तिला झालं नाही.

"परत दिला आणि पुढच्या वेळी कळलंच नाही तर?" हे मला सांगताना ती रडत होती.

आता सासऱ्यांचे ठोके पेसमेकरमुळे सत्तरच्या खाली जात नाहीत.

बँडवर मात्र... चौसष्ट.

तिनं नवऱ्याचे मोजले. सासूबाईंचे मोजले. स्वतःचे तर दिवसातून दहा वेळा. मोजपट्टीचाही हात धरला, तेव्हा तो बिचारा लाजला. कुणाचेच जुळेनात. आणि आकडा दर दोन-चार दिवसांनी एकानं उतरत होता.

गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "हात दे."

घड्याळाकडे बघत तिनं पूर्ण एक मिनिट माझे ठोके मोजले.

"तुझे नाहीत."

माझ्या बायकोचे मोजले. मान हलवली.

मग माझ्या आईसमोर बसली. आई हसली. "डॉक्टरीण कधी झालीस गं?"

ताई मोजत राहिली. मिनिट झालं. तिनं मुठीतल्या बँडकडे पाहिलं... आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

"किती आहेत?" आईनं विचारलं.

"छान आहेत, मामी."

ती उठली आणि चहा न घेताच निघून गेली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी मी आईच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक आहे. ताईला रोज फोन करतोय. ती उचलत नाही.

आई विचारते, हल्ली सारखा माझा हात धरून काय बसतोस?