दुसरा रिमोट

पेणच्या धनेशला जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचं वेड होतं. कंपनीतली शिफ्ट सांभाळून तो त्यांच्या शोधात गावोगाव हिंडे. शहाण्णव साली त्याला कळलं, की रोह्यापुढे खाडीकाठच्या एका गावात पोपट नावाचा खलाशी होता. दर सफरीला जपानहून कॅसेटी आणायचा. आदल्या वर्षी तो जहाजावरून पडला, तो सापडलाच नाही. घरी आई एकटी, हौसा.

धनेश दुपारच्या गाडीने गेला. सगळ्यात दुर्मीळ कॅसेट पोपटच्या गेमच्या मशीनलाच लावलेली होती. ती विकत द्याल का, असं त्याने विचारलं. न्यायच्या आधी चालते का बघ, असं म्हणून हिरव्या लुगड्यातल्या हौसाने टीव्ही लावला.

पडद्यावर समुद्रकाठ, एक लहानसं घर आणि दोन माणसं. धनेशने एक रिमोट उचलला. दुसरा चटईवर पडून होता. तरीही दुसरा माणूस चालू लागला. मशीनच खेळत असेल, असं धनेशला वाटलं. पण तो माणूस मागे वळून त्याच्यासाठी थांबायचा. खोलीत खारट चिखलाचा वास दाटत गेला. चटईवरच्या रिमोटची बटणं दबत होती. टक्... टक्...

"मावशी... हे कोण खेळतंय?"

"पोपट हाय," हौसा हळूच म्हणाली. "त्याला एकट्याला खेलता येत नाय. समोर कोनतरी लागतं. माझी बोटं नाय चालत रे..."

मग पडद्याकडे वाकून तिने विचारलं, "जेवलास का?"

दुसरा माणूस जागीच थांबला. त्याने एक उडी मारली, हो म्हटल्यासारखी.

अंधारून आल्यावर हौसाने कॅसेट काढून धनेशच्या हातात दिली. त्याने ती परत मशीनला लावली आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाला. भीती वाटायची, तरी तो जात राहिला. दोन वर्षांनी हौसा गेली. तिच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांनी सगळं धनेशच्या घरी पोचवलं.

दिवेलागणीला त्याने मशीन लावलं. जपानी मशीन आपल्या टीव्हीवर रंग दाखवत नाही. चित्र कायम काळंपांढरं. त्या दिवशी घराच्या उंबऱ्यावर तिसरं कुणीतरी बसलं होतं... हिरवं लुगडं नेसून. पोपट तिच्याशेजारी जाऊन बसला.

धनेशने रिमोट खाली ठेवला. पडद्यावरचा त्याचा माणूस मात्र चालतच राहिला, त्या उंबऱ्याकडे.