हद्दीच्या दगडापलीकडचा दादा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या मामाला थापा मारता येत नाहीत, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे.

मामा पोलिसांच्या वायरलेसवर ऑपरेटर होता. दोन प्रांतांच्या हद्दीवरचं ते शिखर. माथ्यावर हद्दीचा दगड. अलीकडे मामाची खोली, पलीकडे तिकडच्या प्रांताची. तिथल्या ऑपरेटरला मामा दादा म्हणायचा.

बदलीचा माणूस आलाच नव्हता; मामाचा वर तो सलग एकोणिसावा दिवस होता. अंगात त्राण नव्हतं.

भर दुपारी धुकं उतरलं.

आणि बाहेर पावलं वाजली... जड... दमलेली...

दारात दादा उभा.

"अहो, तुम्ही परवाच सुट्टीवर गेलात ना?"

"पाय गेले रे माझे," दादा उंबऱ्यावरच टेकला. "चारदा उतरलो. दर वेळी वळण संपलं, की समोर तुझंच दार."

मामाला हसू आलं. "बसा, चहा टाकतो."

तेवढ्यात वायरलेस खरखरला...

पलीकडचा ऑपरेटर परवा उतरताना दरीत पडला. जागीच गेला. देह बरोबर हद्दीवर आहे. कोणत्या पोलिसांनी उचलायचा ते ठरेपर्यंत कुणी हात लावू नये.

मामाने मागे पाहिलं.

उंबरा रिकामा.

बाहेर पावलं मात्र वाजत होती... खाली जाणारी...

मामा भ्याला. पण त्याहून जास्त त्याला कीव आली. तो त्या आवाजामागे उतरला. वळणाखाली दादा सापडला. हुकूम गेला चुलीत, म्हणत मामाने त्याला पाठीवर घेतलं आणि संध्याकाळपर्यंत पायथ्याच्या चौकीत आणून ठेवलं.

दोन दिवसांपूर्वी मेलेला माणूस. पण बुटांचे तळ पार झिजलेले... आणि त्यांना ओला चिखल.

मामावर चौकशी बसली. तिकडचे कागद येईनात, देह टिकेना. शेवटी अंत्यसंस्कार इकडेच उरकले.

"चुकलंच माझं," मामा अजून म्हणतो. "धुक्यात पायाखालची वाट धरली. आपल्या बाजूची. त्याचं घर पलीकडे होतं रे."

मागच्या महिन्यात मी त्याच्याकडे जेवत होतो. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा हो कोण आलंय. मघापासून जिन्यात कुणीतरी धापा टाकतंय..."

मी उठू लागलो.

मामाने माझा हात धरला.

"बस. तो रस्ता विचारेल. आणि मला आता तेवढं चालवत नाही."