यानाचं वय

पहिल्याच दिवशी तिने चहाचा कप थेट अंतराळयानावर ठेवला.

"उचला तो!" मिस्त्री ओरडला.

टीव्हीवरच्या मालिकेतलं ते यान. जेवणाच्या टेबलाएवढं लांब, पत्र्याचं आणि लाकडाचं. त्याने ते स्वतःच्या हाताने बनवलं होतं. स्टुडिओमागच्या शेडमध्ये सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. ती मालिकेची नवी लेखिका, पावसाने अडवलं म्हणून आत शिरलेली.

"अय्या... दुखलं का त्याला?" तिने ओढणीच्या टोकाने कपाचा डाग पुसला. मिस्त्रीचा राग तिथेच गळून पडला.

"पण फार जीव लावू नका हं. मी याला निकालात काढायला आलेय."

वरून तसा हुकूमच होता. जुनं यान जायचं, नवं यायचं. गोष्टीत किती वर्षांनी जायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

मग रोज वाद. ती जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेडमध्येच यायची.

"पंचवीस वर्षं पुरे झाली," ती म्हणायची.

"पंचवीस? आत्ता कुठे मुरलंय ते. यंत्रं बदला, पत्रा बदला, अजून पन्नास वर्षं पळेल."

"म्हणजे दर खेपेला दुरुस्ती! आतल्या लोकांनी ग्रह बघायचे की हातात पाना धरून बसायचं?"

"आपल्या यानासाठी पाना धरायला काय हरकत आहे?"

"आणि यानाला विचारलंय कधी? थकलं असेल बिचारं..."

एवढं बोलून ती दाराबाहेर बघत राहायची. तो तिच्याकडे बघत राहायचा. कामावर जाताना तो आता दोनदा भांग पाडायचा. त्याची आई एकदा म्हणालीच, "नवं यान येतंय की नवी सून?"

शेवटी तिचंच चाललं. पंचवीस वर्षांवर शिक्कामोर्तब झालं आणि स्फोटाच्या चित्रीकरणाचा दिवस ठरला.

कॅमेरे लागले. यानाच्या पोटात दारू भरली. धडाम! धूर निवळला, तर यान जागच्या जागी. थोडं काळवंडलेलं, बस्स.

"अरे मिस्त्री!" दिग्दर्शक किंचाळला. "फुटायचं यान कच्चं जोडतात! हे काय, तिजोरी केलीस?"

मिस्त्रीने मान खाली घातली. जोडताना त्याचा हात कच्चा पडलाच नव्हता. प्रत्येक सांध्याला त्याने दुहेरी स्क्रू मारले होते.

ती हसायला लागली. हसता हसता तिचा श्वास अडकला. एक हात छातीवर ठेवून ती भिंतीला टेकत खाली बसली. ओठ निळे पडले होते.

"डॉक्टरांना बोलावू?" तो धावला.

"नको... नेहमीचं आहे." थोड्या वेळाने श्वास सावरला. "दोनदा उघडून शिवलंय हे हृदय. आता तिसऱ्यांदा कोणी हात लावत नाही. आईने स्थळं बघणं केव्हाच सोडलं."

तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"पंचवीस का म्हणत होते, कळलं ना?" ती म्हणाली. "परवाच पूर्ण झाली मला."

मग जे मनात होतं तेच बाहेर पडलं. "माझ्याशी लग्न कर."

"वेडा आहेस का तू? दुरुस्तीपलीकडची आहे मी."

"माहीत झालं आत्ता."

"वाटेतच बंद पडेन."

"तिथपर्यंत तर बरोबर जाऊ."

पलीकडून दिग्दर्शकाची हाक आली: स्क्रू काढा, पुन्हा उडवायचंय. मिस्त्री उठला. तीही सावकाश उठली आणि पेटीतला दुसरा स्क्रूड्रायव्हर घेऊन यानाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली.

दोघं एकेक सांधा सैल करू लागले. मधे काळवंडलेला पत्रा होता.

"मी अशीच सैल होत जाईन," ती हळूच म्हणाली. "रोज थोडी थोडी. बघवेल तुला?"

"नाही बघवणार."

"मग?"

त्याच्या हातातला स्क्रू घट्ट बसला होता, निघत नव्हता. तो थांबला.

"तरी बघेन," तो म्हणाला.

पत्र्यावरून हात पुढे करून तिने त्याचं मनगट धरलं... आणि स्क्रू फिरला.