अण्णांची तळपट्टी

बसा, जवळ बसा. हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

रविवारची दुपार होती आणि काम अगदी किरकोळ. एका दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटची तळपट्टी बदलायची होती. सोमवारी आमच्या कंपनीच्या मॅडम ती दवाखान्याला दाखवणार, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर मला नोकरीत कायम करणार. दोन वर्षं मी 'तात्पुरता' होतो. शेजाऱ्यांना सांगताना आई तो शब्द गिळून टाकायची.

तळपट्टी म्हणजे पानाच्या पायथ्याचा पत्ता-फोनचा तुकडा. तो एकदाच लिहायचा. मग सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट प्रत्येक पान तयार करताना तो आणून जोडतं. पानं चाळीस, तुकडा एकच. त्याला स्वतःचं असं पान नसतं, तो दुसऱ्याच्या अंगात येतो. तेव्हा मला याची गंमत वाटायची.

हा तुकडा अण्णांचा. अण्णा आमचे जुने प्रोग्रामर, एका स्वल्पविरामावरून माणसाचा पाणउतारा करणारे. आठ महिन्यांपूर्वी वारले. फाईलच्या पहिल्याच ओळीत त्यांची सूचना होती: 'या तुकड्याला हात लावू नये.'

मी लावला. जुन्याची प्रत बाजूला ठेवून सगळं पुसलं, नवं लिहिलं, पान उघडलं. तळाशी जुनीच तळपट्टी!

घाबरलो नाही. सर्व्हर एकदा वाचलेला तुकडा लक्षात ठेवतो, बंद करून चालू केला की विसरतो. तसं केलं. नवी तळपट्टी आली. तिच्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ... 'हात लावू नये म्हटलं होतं.'

चाळीसच्या चाळीस पानांवर. 'हसऱ्या मुलांचे हसरे दात' या पानावरसुद्धा.

सगळा कोड धुंडाळला, ती ओळ कुठेच नव्हती. ऑफिसात चिटपाखरू नव्हतं. एसी बंद होता. आणि हळूहळू लवंगेचा वास यायला लागला... अण्णा दाढदुखीवर लवंग चघळायचे, दातांच्या डॉक्टरला फार भ्यायचे. माझी पाचावर धारण बसली.

अण्णांच्या शेजारी अकरा वर्षं बसलेल्या ताईंना फोन लावला.

"ताई, अण्णांची तळपट्टी... बोलतेय."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग हळूच, "काय म्हणतेय?"

मी वाचून दाखवलं.

"शुद्धलेखन बरोबर आहे?"

"आहे..."

"मग ते अण्णाच. जुना तुकडा परत ठेव. आणि माफी माग बाबा."

जुना तुकडा ठेवला, फक्त फोन नंबर बदलला, आणि त्यांच्या सूचनेखाली लिहिलं: 'अण्णा चुकलो'. पान उघडलं. तळाशी ओळ होती: 'स्वल्पविराम?'

'अण्णा, चुकलो.'

ओळ गेली. मीही गेलो, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत.

सोमवारी दवाखानेवाले खूश झाले. मॅडमनी कायम केल्याचं पत्र तिथल्या तिथे स्वतःच्या हातानं लिहून दिलं. मला रडूच आलं. घरी येऊन ते आईच्या हातात ठेवलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"हे सहीखाली काय छापलंय रे, बारीक? 'आता आपण दोघेही कायम.' खाली 'अण्णा' असं नाव. हे अण्णा कोण?"

"आमच्या ऑफिसातले जुने," मी म्हणालो.

"चांगलं झालं हो," आई म्हणाली, "ऑफिसात कुणीतरी वडीलधारं पाठीशी आहे."

मी मागे वळून पाहिलं नाही. लवंगेचा वास येतच होता.