उजव्या सीटवरची मार्ला

मार्ला वेट्झेलने दुकानाचं दार असं ढकललं, की वरची घंटी वाजायची राहिली आणि निखळून खालीच पडली.

"शनिवारी माझ्या गाडीत सॅटेलाइट रेडिओ कुणी बसवला?"

काउंटरमागचा उंच माणूस वायर सोलता सोलता थांबला. शनिवारी तिच्याकडून किल्ली घेतली होती ती मालकाने. याला ती पहिल्यांदाच पाहत होती.

"मी बसवला. नेल्स ब्रांडवोल्ड. का, वाजत नाही?"

"वाजतो की! छान वाजतो! फक्त माझा हात तिथपर्यंत पोचत नाही."

"असं कसं? स्टिअरिंगच्या डावीकडे, अगदी हाताशी..."

"कुणाच्या हाताशी?"

नेल्सने खिडकीतून बाहेर पाहिलं. तिची जुनी ब्युइक एका अंगाने चिखलाने माखली होती, आणि बंपरमध्ये गवताचा भलामोठा पुंजका अडकला होता.

मार्ला हेडाल गावच्या पोस्टात होती. गावाबाहेरच्या शेतांवरून रोज नव्वद मैल, एकशे बारा टपालपेट्या. नॉर्थ डकोटाच्या त्या भागात टपालवाले आपापलीच गाडी नेतात, आणि पेट्या असतात रस्त्याच्या उजव्या कडेला. म्हणून ती उजव्या सीटवर बसायची. डावा हात लांबवून स्टिअरिंग धरायची, डावा पाय पसरून पेडल दाबायची, आणि उजव्या हाताने खिडकीतून टपाल टाकायची. ड्रायव्हरच्या जागेवर टपालाचे ट्रे रचलेले. त्या ट्रेंच्याही पलीकडे नेल्सने रेडिओ बसवला होता, दोन स्क्रू पिळून, अगदी पक्का!

"काल बेसबॉलचा सामना ऐन रंगात आला आणि आवाज बसला," मार्ला म्हणाली. "वाढवायला वाकले, तर गाडी सरळ चरात! डॉकेनबाईंच्या मुलीच्या लग्नाची निमंत्रणं चिखलात! पोस्टमास्तर माझ्यावर ओरडले. आता मी तुमच्यावर ओरडतेय."

"उजवीकडे बसता, हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत!"

"ड्रायव्हर कुठे बसतो, हे मी आजवर कुणालाच विचारलेलं नाही, बाई."

"मग आजपासून विचारत जा!"

तो बाहेर गेला आणि उजव्या सीटवर जाऊन बसला. डावा हात लांबवला. डावा पाय पसरला. मग बराच वेळ हललाच नाही.

"एक मिनिट हं... गुडघा अडकलाय."

मार्लाच्या घशाशी हसू आलं. तिने ते गिळलं. एवढे सहा मैल रागाची उजळणी करत आली होती, ती काय हसून वाया घालवायला?

"असं बसून... रोज नव्वद मैल?" त्याने आतूनच विचारलं. "पाठ दुखत नाही?"

या नोकरीच्या सहा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला अजूनच राग आला.

"माझ्या पाठीचं सोडा. रेडिओचं बोला!"

त्याने रेडिओ उजवीकडे हलवला. वायर दाराच्या रबराखालून नेली, छतावरचा छोटा अँटेना चार बोटं मागे सरकवला, आणि स्क्रूंची जुनी भोकं अशी बुजवली की शोधायला बोट फिरवावं लागावं. मार्लाने घरी जाताना बोट फिरवलं. दोनदा.

जुलैतल्या एका सोमवारी ती परत दुकानात आली. घंटी आता तारेने घट्ट बांधलेली होती; ती खणखणून वाजली.

"तळ्यापाशी माझ्या सामन्यात पाद्री घुसतो!"

"कोण घुसतो?"

"पाद्री! शेवटचा डाव, दोन गडी बाद, सगळं त्या एका चेंडूवर... आणि पाद्री म्हणतो, क्षमा करायला शिका! मी कुण्णालाही क्षमा करणार नाही, सांगून ठेवते."

नेल्सने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की काय, या शंकेने मार्लाच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

तिचा रेडिओ होता खिशातून नेण्याजोगा; स्क्रूने पक्का होता तो फक्त त्याचा स्टँड. तो आकाशातून गाणी नि सामने पकडायचा आणि गाडीच्या मूळ रेडिओवर, एफएमच्या अठ्ठ्याऐंशी पॉइंट एकवर सोडायचा. तळ्याजवळच्या चर्चचं छोटं केंद्रही नेमकं त्याच आकड्यावर.

"बघावं लागेल," नेल्स म्हणाला. "गुरुवारी तुमच्याबरोबर येऊ?"

"टपालाच्या गाडीत परका माणूस चालत नाही. नियम आहे."

"मग माझ्या गाडीने मागून येतो. पण याच गुरुवारी. पुढच्या महिन्यात मी इथे नसेन... मिनियापोलिसला एका मोठ्या दुकानात बोलावलंय. नव्या गाड्यांत रेडिओ आतूनच येतो हल्ली. इथे कोण बसवून घेतंय?"

"छान!" मार्ला म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला. "लोकांची कामं अर्धवट टाका आणि पळा मिनियापोलिसला!"

गुरुवारी त्याची पांढरी व्हॅन तिच्या मागे लागली. धुळीचा लोट, दोन्हीकडे सूर्यफुलं, आणि वारा तर नेहमीचाच. तिचा रेडिओ सोडायचा ती लहर जेमतेम वीस-पंचवीस फूट जायची. नेल्सने आपला रेडिओ त्याच आकड्यावर लावला होता. मागे पडला की खरखर. जवळ आला की सामना. म्हणून प्रत्येक पेटीपाशी व्हॅन पार तिच्या बंपरला येऊन टेकायची. पंचांनी एक निकाल चुकीचा दिला आणि मार्ला किंचाळली. आरशात पाहिलं, तर मागे नेल्सही स्टिअरिंगवर मूठ आपटत होता. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, असं म्हणाला होता लबाड!

म्हातारी इर्माबाई पेटीपाशीच उभी होती. "मार्ला, ती गाडी तुझ्या मागे का लागलीय गं? शेरीफला फोन करू का?"

"रेडिओवाला आहे तो."

इर्माबाईने डोळ्यांवर हात धरून नीट पाहून घेतलं. "बरा आहे की दिसायला."

"इर्माबाई!"

"मी आपली गाडीबद्दल बोलतेय," म्हातारी म्हणाली.

तळ्यापाशी पाद्री आलाच. मार्लाने गाडी कडेला घेतली. नेल्स येऊन वाकला, फ्यूज पाहायला समोरचा कप्पा उघडला... आणि आतलं काहीतरी बाहेर काढलं. त्याच्या हातात रेडिओबरोबर आलेली पुस्तिका होती.

"पान अकरा," तो सावकाश वाचू लागला. "दुसरं केंद्र मध्ये आल्यास बटण दाबून आकडा बदला. खाली पेन्सिलने रेघ मारलीय. आणि बाजूला लिहिलंय... 'पाद्रीसाठी'."

मार्लाचे कान तापले.

"दुसऱ्याच्या गाडीतले कागद वाचता? लाज नाही वाटत?"

"हे तुम्ही कधी वाचलंत?"

"...दुकानात येण्याआधी."

"मग आलात कशाला?"

"कारण माझ्या ओरडण्याला न घाबरणारा या अख्ख्या गावात एकच माणूस आहे!" ती ओरडली. तळ्यातली बदकं उडाली. "आणि तो निघालाय मिनियापोलिसला! मोठं दुकान हवंय त्याला! मी काय आता सूर्यफुलांवर ओरडू?"

वारा होता. पाद्री बोलतच होता. नेल्सने पुस्तिका मिटली.

"नाही जात मी," तो म्हणाला. "सोमवारीच कळवलं त्यांना."

"सोमवारी!" तिला श्वासच पुरेना. "आज गुरुवार आहे! तीन दिवस माझ्या पोटात अन्न गेलं नाही, आणि तू... तू सोमवारपासून गप्प?"

"सांगणारच होतो. तू ओरडायची थांबलीस की."

"मी थांबणार नाहीये!"

"नको थांबूस," तो म्हणाला, आणि हसला. त्याचा हात दारावर होता. तिने रागारागाने त्यावर आपला हात ठेवला, आणि काढला नाही.

बऱ्याच वेळाने तिला आठवलं की एकेचाळीस पेट्या उरल्यात. तिने रेडिओचं बटण तीनदा दाबलं आणि गाडीचा रेडिओही त्याच नव्या आकड्यावर आणला. पाद्री गेला आणि प्रेक्षकांचा कल्ला आला. नेल्स व्हॅनकडे निघाला, दोन पावलांवर थांबला.

"मार्ला... नवा आकडा कोणता? मला मागे ऐकू कसं येणार?"

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आज पहिल्यांदाच हळू आवाजात, त्याला वाकावं लागेल इतक्या हळू, ती म्हणाली,

"अठ्ठ्याऐंशी पॉइंट सात. कुणाला सांगू नकोस."