शेवटच्या खाटेची बेल

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी तिथं होते. भरदुपारी, लख्ख उजेडात, पूर्ण शुद्धीत.

माझी धाकटी बहीण त्या सकाळी बाळंत झाली. मुलगी झाली. वॉर्डात खाट मिळाली शेवटची, भिंतीकडची. खिडकीकडची जवळजवळ सगळी रांग मोकळी होती. तिथं फक्त एक गोरीपान बाई पहुडलेली. मी मनातल्या मनात तिला राणीसाहेब म्हणायचे.

"आम्हाला तिकडं नाही का जमणार?" मी विचारलं.

"त्या खाटा ठेवलेल्या आहेत," सिस्टर म्हणाली.

कुणासाठी, ते विचारायची गरज नव्हती. आम्ही काळे, बाहेरून आलेले, बोलीही निराळी.

प्रत्येक खाटेच्या उशाशी एक बेल होती. आमच्या बेलवर चिकटपट्टी गुंडाळलेली. वायर कापून टाकलेली, उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती.

"तुमच्या बायका उगाच वाजवत बसतात," सिस्टर म्हणाली. "जरा कळ आली की गाव गोळा करतात. खरं तर तुम्हा लोकांना दुखतं कमी. अंगच तसं असतं."

हे ती कौतुकानं म्हणाली बरं का.

म्हणजे आम्ही कांगावखोरही आणि दगडही. हिशेब जुळत नव्हता. पण तिला तरी कुठं जुळवायचा होता?

दुपारी धाकटी हळूच म्हणाली, "ताई... खाली गरम गरम लागतंय."

मी पांघरूण उचललं.

चादर लाल. गादीही.

मी सिस्टरच्या टेबलाकडं धावले. सिस्टर फोनवर साड्यांचे फोटो बघत होती.

"बाळंतपणात रक्त जातंच. नाटकं नकोत."

"सिस्टर, एकदा येऊन बघा तरी. पाया पडते."

"राउंडला बघू."

परत आले तर धाकटीचे ओठ पांढरे पडलेले. डोळे अर्धे मिटलेले.

आणि तेवढ्यात...

राणीसाहेबांची बेल वाजली.

सिस्टर ताडकन उठली. चेहऱ्यावर हसू चिकटवून गेली. "काय हवं मॅडम?"

"मी नाही वाजवली," राणीसाहेब म्हणाल्या.

मग शेजारची वाजली. ती खाट रिकामी होती.

मग तिच्या पलीकडची...

मग सगळ्याच. एकदम. रिकाम्या खाटांच्या बेला कोकलत होत्या. फक्त आमची गप्प.

मग एका क्षणात सगळं थांबलं.

आणि त्या शांततेत आमच्या खाटेच्या उशाशी...

टक... टक... टक.

चिकटपट्टीच्या आत कुणीतरी बटण दाबत होतं.

"बेलला हात लावलात ना?" सिस्टर तणतणत आमच्याकडं आली.

गादीतून टपकलेलं रक्त तिच्या पांढऱ्या बुटावर पडलं.

तिनं आधी बूट झटकला.

मग डॉक्टरांना हाक मारली.

तो झटका मी विसरलेले नाही.

धाकटी वाचली. संध्याकाळी तिनं विचारलं, "ताई, ती मावशी गेली का?"

"कुठली मावशी?"

"पायाशी बसलेली. माझं पोट दाबून धरलं होतं तिनं. आपल्याच बोलीत सांगत होती, 'मी वाजवते, तू डोळे मिटू नको.' हात फार गार होते गं तिचे..."

पायाशी कुणीच बसलं नव्हतं.

धाकटी झोपल्यावर मी ती चिकटपट्टी सोलली. बटण आत रुतून बसलेलं होतं. परत वर येईना. भोवती नखांचे ओरखडे. जुने, काळपट.

कुणीतरी दाबत राहिलं होतं. कुणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. खिडकीकडच्या सगळ्या बेला त्यानं खोलून तपासल्या. राणीसाहेबांची तर नवीनच बसवली.

आमच्या बेलवर सिस्टरनं नवी चिकटपट्टी लावली.

आम्ही घरी निघालो त्या दुपारी त्याच खाटेवर आमच्यातलीच एक पोरसवदा मुलगी आणून झोपवली. पहिलटकरीण. खिडकीकडची रांग अजून मोकळीच. मी वाकून तिला म्हटलं, "बाळ, ही बेल चालत नाही. काही वाटलं तर थेट ओरड."

"माहितीये," ती म्हणाली. "या मावशींनी सांगितलं."

ती माझ्या खांद्यामागं बघत होती.

मानेला गार वारा लागला. मी वळले नाही. धाकटीच्या लेकीला घट्ट धरलं आणि चालू लागले.

मावशीची भीती नाही वाटत मला. पण मेल्यावरही त्या बाईला तिथं ड्युटी करावी लागतेय... आणि टेबलाशी पगारी माणूस बसलंय.